गाडी कुठे लावायची?

गाण्याच्या कार्यक्रमाला जायचं ठरलं की आमच्या घरात पूर्वी पहिला प्रश्न असायचा, "कोण गाणार आहे?" दुसरा, "साथीला कोण?" आणि तिसरा, हा हमखास आईचा, "परत किती वाजता येणार?" आता क्रम उलटा झालाय. हल्ली पहिला प्रश्न येतो, "पार्किंग आहे का?" गाणार कोण ते नंतर बघू!

जानेवारी २०२५ मध्ये 'कोल्डप्ले'चे कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले. १८, १९ आणि २१ तारखेला. आमच्या नात्यातली तरुण मंडळी महिनोन्‌महिने त्याच्याच गप्पा मारत होती. तिकीट मिळालं हा पहिला आनंद. तो चार दिवस टिकला. मग सुरू झाली खरी चर्चा : कर्जतहून जायचं कसं? गाडी न्यायची तर लावायची कुठे? पनवेलला लावून पुढे लोकलने जायचं का? की बेलापूरच्या मावशीच्या सोसायटीत लावायची? (मावशीच्या सोसायटीत पाहुण्यांना जागा नाही, हे मावशीने ताबडतोब कळवलं!) परदेशातल्या एका काकांनी तर फोनवर विचारलं, "अरे, नेरळलाच आहे ना? मग चालत जा की!" नेरळ आणि नेरूळ यातला फरक आम्हाला आयुष्यभर समजावून सांगावा लागतो. नेरळ आमच्या तालुक्यात, माथेरानच्या पायथ्याशी. नेरूळ नव्या मुंबईत, पन्नासेक किलोमीटरवर. असो.

ही सगळी चर्चा ऐकताना मला वाटलं, ही अडचण खरंच मोटारीबरोबर आलेली आहे का? त्याआधी लोक जत्रेला, नाटकाला, गाण्याला जातच होते की. हजारोंनी जात होते. मग तेव्हा गाडी कुठे लावायचे? थोडं मागे जाऊन बघितलं तर लक्षात येतं की आपला हा कर्जत-खालापूरचा मुलूखच मुळी 'थांबण्याच्या जागा' म्हणून वाढलेला आहे. आपल्या गावांचा अर्धा इतिहास म्हणजे कोण कुठे थांबलं, याचाच इतिहास!

बोरघाटापासून सुरुवात करू. घाटावर जायची वाट फार जुनी. पण चाकाची गाडी जाईल असा रस्ता नव्हता. माल जायचा तो बैलांच्या पाठीवर लादून, तांड्यांनी. खोपोलीत घाटाच्या पायथ्याशी नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आहे, शेजारी महादेवाचं देऊळ आहे. आज आपण तिथे संध्याकाळी फिरायला जातो, गणपतीच्या दिवसांत गर्दी होते. पण ही जागा कुठे आहे ते नीट बघा. समोर उभा घाट. चढायच्या आधी जनावराला पाणी पाजायचं, माणसांनी भाकरी खायची, रात्र काढायची आणि पहाटे गारव्यात चढायला लागायचं. देवाचं देऊळ, तलाव आणि मोकळी जमीन एकत्र असली की झाली थांबण्याची सोय. आजच्या भाषेत सांगायचं तर तो अठराव्या शतकातला पार्किंग लॉटच होता. फरक एवढाच, की लावायची ती वस्तू तहानलेली होती.

१० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. त्यानंतर घाटात चाकं आली, आणि चाकं आली की मुक्कामाचा हिशेब बदलतो. पाठीवरचं ओझं उतरवलं की बैल कुठेही उभा राहतो. गाडीचं तसं नाही. गाडीला सपाट जमीन लागते, वळवायला जागा लागते, आणि मागची गाडी अडकणार नाही अशा रीतीने ती सोडावी लागते. 'गाडी सोडणे' हा शब्दही बघा. आज आपण गाडी 'लावतो'. तेव्हा गाडी 'सोडायचे', म्हणजे बैल जूवरून मोकळे करायचे. आजचा शब्द यंत्राकडे बघतो, जुना शब्द बैलाकडे बघायचा.

अशा गाड्या जिथे एकत्र सोडल्या जायच्या त्या जागेला गावोगावी नाव होतं, गाडीतळ. पुण्यात हडपसरचा गाडीतळ आजही त्याच नावाने ओळखला जातो. जुन्या बाजाराजवळही गाडीतळ आहे. तिथे बसमधून उतरणाऱ्या कितीजणांना बैलगाड्या आठवत असतील कोण जाणे. पुढे सरकारी मराठीने 'वाहनतळ' शब्द घडवला, तो या 'तळा'वरूनच. तळ म्हणजे नुसती जागा नव्हे. फौज तळ टाकते, दिंडी तळावर उतरते. तळ म्हटलं की पाणी, चूल, चारा, झोप सगळं आलं. वाहनतळावर यातलं काहीच नसतं, फक्त पावती असते!

आता रेल्वेकडे येऊ. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, पुढल्या वर्षी ती कल्याणपर्यंत आली आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत. हो, खोपोलीपर्यंत! आज कर्जत जंक्शन आणि खोपोली फाटा असा थाट आहे, पण तेव्हा मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या माणसाचा रूळ खोपोलीतच संपायचा. १८५८ मध्ये वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. मधला घाट मात्र तसाच. त्यामुळे पुढची पाच वर्षं गंमतच होती. मुंबईहून आलेला प्रवासी खोपोलीला उतरायचा, मग पालखी, तट्टू किंवा गाडी करून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचा. एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीपर्यंत पोचवणारी ही मधली सोय. गाडी लांब लावायची आणि तिथून स्टेडियमपर्यंत शटल बसने जायचं, हे आजच्या आयोजकांना सुचलेलं काहीतरी नवीन आहे असं आपल्याला वाटतं. खोपोलीकरांनी ते १८५८ मध्येच करून दाखवलं होतं, तेही तट्टांवर.

१८६३ मध्ये बोरघाटाचा रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि गाडी पळसदरीहून थेट वर चढू लागली. खोपोली बाजूला पडली. थांबण्याचं महत्त्व कर्जतकडे आलं, कारण घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात आणि ती कर्जतला लागतात. इंजिनं जोडेपर्यंत गाडी उभी. त्या चार मिनिटांत फलाटावर जे विकलं गेलं, ते पुढे प्रसिद्ध झालं. कर्जतचा बटाटावडा हे त्या थांब्याचंच अपत्य. गाडी थांबते तिथे कुणाचं तरी पोट चालतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

करमणुकीसाठी खास गाडी सोडण्याची कल्पनाही याच मार्गावरची. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन सुरुवातीला शनिवार-रविवारची गाडी होती आणि तिच्या प्रवाशांत पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणारे मुंबईचे शौकीन होते. त्यांच्या मोटारी नव्हत्या अशातला भाग नाही. पण घाट, रस्ता आणि परतीची वेळ यांचा विचार केला तर रेल्वे बरी. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेसाठी गोरेगावहून नेरूळला खास लोकल सोडल्या, आणि त्याच महिन्यात अहमदाबादच्या कार्यक्रमांसाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून विशेष गाड्या सोडल्या, तेव्हा वर्तमानपत्रांना नवल वाटलं. मला डेक्कन क्वीन आठवली.

आता जत्रेकडे. खोपोलीजवळ साजगावला विठोबाचं देऊळ आहे. कार्तिकी एकादशीपासून तिथे मोठी यात्रा भरते. सुक्या मासळीच्या बाजारामुळे लोक त्याला कौतुकाने 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. (पंढरपूरच्या वारकऱ्याला हे नाव सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.) कार्तिक म्हणजे भातकापणी झालेली किंवा संपत आलेली. खाचरं मोकळी, जमीन वाळलेली, पेंढा घरात आलेला. आपल्याकडच्या बहुतेक जत्रा कार्तिक ते चैत्र-वैशाख या काळात का असतात? देवाची तिथी हे कारण आहेच. पण पावसाळ्यात आपल्या भागात गाडी सोडायला जागाच नसते, हेही आहे. आषाढात खाचरात गाडी घालून दाखवा! कोरडी जमीन आणि मोकळी खाचरं हेच जत्रेचं वाहनतळ, आणि त्यासाठी वेगळी जमीन राखून ठेवावी लागत नव्हती. चार-सहा महिने तिथे भात, मग काही दिवस तिथेच गाड्या. एकाच जमिनीचे दोन उपयोग, आळीपाळीने.

जत्रेला गाडी सोडायचीही रीत होती. आमच्या घरातल्या जुन्या माणसांकडून ऐकलेलं सांगतो. एका गावच्या गाड्या एकत्र. जनावरं गाडीच्या दांडीला किंवा चाकाला बांधलेली, पुढ्यात पेंढा. बायका-मुलं गाडीत, पुरुष गाडीखाली. रात्री राखणीला कोणीतरी एक जागा, आणि त्याला कार्यक्रमातलं काही दिसायचं नाही. दुसऱ्या रात्री दुसरा. म्हणजे बघा, गाडी सांभाळण्यासाठी कोणाला तरी गाणं सोडावं लागत होतं, हे तेव्हाही होतं. पण ते आळीपाळीने होतं.

आणि इथे मला खरा मुद्दा सापडला. तो जागेचा नाही, वेळेचा आहे.

जुने कार्यक्रम रात्रभर चालायचे. तमाशा रात्रभर, भजनाच्या बाऱ्या रात्रभर, संगीत नाटकं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत. आपण म्हणतो, त्या लोकांना वेळ फार होता, 'वन्स मोअर' घेत बसायचे. असेल. पण दुसरं कारण साधं होतं. रात्री अकराला कार्यक्रम संपला असता तर लोक गेले असते कुठे? बैलगाडीने अंधारात, ओढ्यानाल्यातून? रात्रीच्या वेळी रेल्वे नाही, एसटी नाही. म्हणून कार्यक्रमच पहाटेपर्यंत ओढायचा. उजाडलं की माणसं आपोआप पांगायची. कोणी आधी, कोणी नंतर, कोणी चहा पिऊन, कोणी देवाला हात जोडून. एकाच क्षणी सगळे निघाले असं कधी होत नसे. त्यामुळे कोंडी व्हायची नाही.

८ जुलै १९२१ ला मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा तो गाजलेला प्रयोग झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र, टिळक स्वराज्य फंडासाठी, बालीवाला ग्रँड थिएटरात. भर पावसाळा! रात्रीचं नाटक पहाटेपर्यंत रंगलं की पहिली गाडी मिळते, हा हिशेब त्या पिढीतल्या बाहेरगावच्या प्रेक्षकाला पाठ असायचा. नाटकाचा शेवट आणि गाडीची सुरुवात यांची सोयरीकच होती म्हणा ना.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही तसाच. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. तो रात्र-रात्र चालायचा. थंडीत शाल-कानटोपी घालून, घोंगडी अंथरून लोक बसायचे आणि पहाटेचे राग पहाटे ऐकायचे. आमच्या भागातले दर्दी संध्याकाळच्या गाडीने घाट चढायचे आणि सकाळच्या गाडीने उतरायचे. पुण्यात राहायची सोय नसली तरी चालायचं, कारण रात्र मंडपातच जायची. मंडप हीच धर्मशाळा.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके, जास्तीत जास्त १५, दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला मिळाला. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे किंवा ज्याच्या मुलाची परीक्षा आहे त्याला विचारा. पण नियमाचा एक परिणाम झाला आणि त्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. सवाईचा मंडप रात्री रिकामा होऊ लागला. जत्रेतले तमाशे आटोपते झाले. आणि मोठमोठे मैदानी कार्यक्रम सगळे एकाच ठोक्याला संपायला लागले, दहा वाजता. पन्नास हजार माणसं एकाच वेळी उठतात, एकाच दाराकडे जातात आणि एकाच रस्त्यावर गाडी काढतात. पूर्वी हीच गर्दी पहाटे चार ते सकाळी आठ अशी विरत जायची. आपण ज्याला पार्किंगचा प्रश्न म्हणतो त्यातला अर्धा प्रश्न हा 'सुटण्याचा' आहे.

आता थोडं गणित करू. डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली उभं राहिलं. त्याच वर्षी १ जूनला पहिल्या आयपीएलची अंतिम लढत तिथे झाली. पुढे मे २०१७ मध्ये जस्टिन बीबर, डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू, मग कोल्डप्ले. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तोही तिथेच. मैदानातही माणसं उभी राहिली तर पन्नास हजार प्रेक्षक सहज धरा. समजा सगळे मोटारीने आले, एका मोटारीत तिघं. सोळा-सतरा हजार मोटारी झाल्या. एक मोटार उभी करायला, आत-बाहेर काढायच्या वाटेसकट, साधारण २५ चौरस मीटर लागतात. म्हणजे चार लाख चौरस मीटरच्या वर. एकरात सांगायचं तर शंभर एकर! आमच्याकडे शंभर एकर भातशेती म्हणजे कित्येक घरांची मिळून जमीन. ती तीन-चार तास मोटारी उभ्या करायला लागणार. आणि लोकलचं गणित? बारा डब्यांची लोकल गच्च भरली तर तीन-चार हजार माणसं नेते. चौदा-पंधरा फेऱ्यांत स्टेडियम रिकामं. लोकलला नेरूळात लावायला जागाही लागत नाही. ती येते, सोडते, जाते.

म्हणून जुन्या नाट्यगृहांकडे पुन्हा बघावंसं वाटतं. दादरचं शिवाजी मंदिर १९६५ चं. गाडी लावायला तिथे जागा किती, हे दादरला गेलेल्या कोणालाही माहीत आहे. तरी नाटकं चालली आणि हाऊसफुल्लचे बोर्ड लागले, कारण स्टेशन पाच-दहा मिनिटांवर. ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ चं, तेही स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. कर्जतचा माणूस दादरला नाटक बघून रात्रीच्या लोकलने घरी यायचा. शेवटच्या अंकात त्याचं एक लक्ष घड्याळाकडे असायचं, हे खरं. शेवटची कर्जत चुकली तर स्टेशनवरच रात्र. खोपोलीवाल्याची दशा आणखी वाईट, कारण थेट खोपोलीला जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, आणि कर्जतला उतरून पुढचे पंधरा किलोमीटर उरतातच. आमच्या ओळखीत अशी माणसं आहेत की ज्यांनी अनेक गाजलेल्या नाटकांचा शेवट कधीच बघितलेला नाही! सगळी नाटकं त्यांच्या लेखी तिसऱ्या अंकाच्या मध्यावर संपतात.

हसण्यासारखं आहे, पण यात एक गंभीर गोष्ट आहे. कार्यक्रमाला कोण जाऊ शकतं, हे तिकिटाच्या किमतीइतकंच परतीच्या वाटेवर ठरतं. बैलगाडीच्या जत्रेत गावातली म्हातारी बाईसुद्धा जायची, कारण गाडी गावाची होती आणि मुक्काम सगळ्यांचा होता. लोकलच्या काळात तरणे पुरुष जास्त जाऊ लागले, कारण रात्री साडेबाराच्या डब्यात बायका कमी. आणि आता स्टेडियमच्या काळात ज्याच्याकडे मोटार आहे, किंवा मित्राकडे मोटार आहे, तो जातो. आमच्या आईला गाणं आवडतं. गुडघे दुखतात. लांबच्या वाहनतळावर उतरून शटलमध्ये चढणं, मग गर्दीतून दोन किलोमीटर चालणं तिला जमणार नाही. ती हल्ली विचारतच नाही, "परत किती वाजता येणार?" ती म्हणते, "तुम्ही जा, मी घरी ऐकते."

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. माथेरान! १८५० मध्ये ह्यू मॅलेटने हे ठिकाण 'शोधलं' (ठाकर-कातकऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं, हे सांगायला नको). १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने दोन फुटी रुळांची छोटी गाडी वर नेली. आणि मोटारीला या गावाने आत घेतलंच नाही. २००३ च्या अधिसूचनेने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झालं आणि बंदी आणखी पक्की झाली. मोटार दस्तुरी नाक्यावर ठेवायची आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर नाहीतर हातरिक्षाने. जोडून सुट्ट्या आल्या की दस्तुरीचा वाहनतळ भरतो आणि गाड्यांची रांग घाटातून खाली येते. मग लोक वैतागतात. पण वर गेल्यावर तेच लोक म्हणतात, काय शांत आहे हो इथे!

दस्तुरीवर घोडेवाले, हमाल, हातरिक्षावाले यांची घरं चालली. कर्जतच्या वड्याचीच गोष्ट, गाडी थांबते तिथे कुणाचं तरी पोट. पण माणसाने माणसाला ओढायचं, हे पोटासाठी असलं तरी किती काळ? डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगून त्या चालकांना ई-रिक्षा देण्याचा मार्ग सुचवला. मला हे बरोबर वाटतं. गाडी कुठे थांबवायची हे ठरवताना, पुढे माणसाला कोण नेणार आणि त्याच्या मानाचं काय, हेही ठरवावं लागतं. खोपोलीच्या पालखीवाल्या भोयांना १८६३ नंतर कोणी विचारलं असेल का, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो.

सध्या आमच्या भागात दर शनिवारी-रविवारी फार्महाऊसवर लग्नं, संगीत, पार्ट्या असतात. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यापासून मुंबई-पुणे दोन्हीकडून इथे यायला सोपं. गाड्या गावाच्या अरुंद रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या असतात आणि एसटी मधे अडकते. शेजारचं खाचर मोकळं असतं, मालकाला चार पैसे देऊन तिथे गाड्या लावता येतील. काही ठिकाणी तसं होतंही. पण खाचरात खडी टाकून कायमचं सपाट केलं की ते खाचर राहत नाही. बैलगाडी गेल्यावर पावसात पुन्हा भात लागायचं. खडीवर काय लागणार?

मला काही मोठा उपाय सुचवायचा नाही. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं काम हाती घेतलेलं आहेच. त्यावर मोठ्या कार्यक्रमाच्या रात्री एक उशिराची गाडी सोडली, आणि तीच पुढे खोपोलीपर्यंत नेली, तर शंभर एकरांतले पाच-दहा एकर तरी वाचतील. आणि आयोजकांनी कार्यक्रम दहाला संपल्यावर लगेच दिवे बंद करून लोकांना बाहेर काढण्याऐवजी तासभर बसू द्यावं. चहा असावा, बसायला जागा असावी, ध्वनिक्षेपक बंद असला तरी चालेल. घाई नसलेली माणसं बसतील. आमच्या आईसारखी माणसंही मग कदाचित यायला तयार होतील. आपल्या आजोबा-पणजोबांना हे कोणी शिकवलं नव्हतं, गाडी सोडली की माणूस आपोआप टेकायचाच.

नातलगांपैकी कोणाला साजगावच्या किंवा आपल्या भागातल्या दुसऱ्या कुठल्या जत्रेला बैलगाडीने गेल्याचं आठवत असेल तर जरूर कळवा. विशेषतः गाडी कुठे सोडायचात, पाणी कुठलं, आणि रात्री राखणीला कोणाची पाळी असायची, हे. ही माणसं आता फार उरलेली नाहीत, आणि ज्याने राखण करता करता लांबून तमाशा नुसता ऐकला, त्याची आठवण तर अजून कोणीच लिहून ठेवलेली नाही.